आलेखातली रिकामी जागा रिकामीच दिसू द्या

'आर' ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा घेतली की तिच्यासोबत 'एअरक्वालिटी' नावाचा एक तक्ता मिळतो. त्यात मे ते सप्टेंबर १९७३ या काळातल्या न्यूयॉर्कच्या हवेच्या १५३ दिवसांच्या नोंदी आहेत. त्यांतल्या ३७ दिवसांचा ओझोनचा आकडाच नाही. जूनमध्ये तर तीस दिवसांपैकी फक्त नऊ दिवसांची मोजणी हाती लागते.

आता आलेख काढू. २० जूनला ओझोन १३ आहे (एक अब्ज भागांत १३ भाग), पुढचे दहा दिवस काहीच नाही आणि १ जुलैला थेट १३५. एक्सेलमध्ये रिकाम्या घरांसाठी तीन पर्याय असतात: शून्य धरा, अलीकडचा-पलीकडचा बिंदू जोडा किंवा रेघ तोडा. शून्य धरलं तर न्यूयॉर्कच्या हवेतून दहा दिवस ओझोन नाहीसा झाला असं दिसेल. बिंदू जोडले तर १३ पासून १३५ पर्यंत एक सरळ चढण तयार होईल आणि ओझोन रोज थोडाथोडा वाढत गेला अशी वाचणाऱ्याची खात्री पटेल. ती चढण कुणीच मोजलेली नाही! सगळीकडे सरासरी, म्हणजे सुमारे ४२, भरली तरी फसगत टळत नाही. हवेतले चढउतार प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात.

म्हणून रेघ तोडणंच प्रामाणिक. पायथन या दुसऱ्या संगणकीय भाषेतलं मॅटप्लॉटलिब आणि आरमधलं जीजीप्लॉट ही आलेख काढायची साधनं, मधला आकडा नसेल तिथे रेघ आपोआप तोडतात. जुन्या हवामान-फाइलींत मात्र 'नोंद नाही' याऐवजी -९९९९ असा आकडा लिहिलेला असतो. ते सॉफ्टवेअरला आधी सांगितलं नाही, तर आलेख पाताळात जातो आणि खरे चढउतार वर एका सपाट पट्टीत चेपले जातात.

रेघ तोडण्यातही एक खोच आहे. ७ जूनला ओझोन २९ होता, पण ६ आणि ८ जूनची नोंद नाही. रेघ काढायला दोन बिंदू लागतात, त्यामुळे नुसत्या रेघेच्या आलेखात हा खरा, मोजलेला आकडा दिसतच नाही. १३ जूनच्या २३ चंही तेच. रेघेसोबत ठिपके काढले की दोन्ही परत येतात. एवढं तरी प्रत्येकाने करावंच.

ठिपक्यांच्या आलेखात अडचण वेगळी. ओझोन आणि तापमान यांचा संबंध दाखवताना जीजीप्लॉट ते ३७ दिवस गाळतं आणि तशी सूचना देतं. पण सूचना दिसते आलेख काढणाऱ्याला. छापलेलं चित्र पाहणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. आरमधल्याच 'नॅनिअर' या पॅकेजची (आरला जोडायच्या तयार साधनाची) युक्ती मला म्हणूनच फार आवडते. ओझोनचा आकडा नसलेले दिवस ते सर्वांत कमी मूल्याच्याही खाली, वेगळ्या रंगात मांडतं. तापमान माहीत असल्याने ते आडव्या अक्षावर आपापल्या जागीच राहतात.

जमिनीलगतचा ओझोन ऊन आणि उष्णता असताना जास्त तयार होतो. फक्त तापलेल्या दिवसांचेच आकडे हरवले असते, तर उरलेल्यांची सरासरी खोटी कमी आली असती. या चित्रात मात्र ५६ अंश फॅरनहाइटचा ५ मे आणि ९३ अंशांचा ११ जून, दोघेही त्या खालच्या रांगेत दिसतात.