बालबाप्तिस्मा : बेळगाव सीमाभाग

ख्रिस्ती आईवडिलांच्या तान्ह्या मुलाला, त्यांच्याच विश्वासाच्या आधारावर दिला जाणारा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा संस्कार, तो बालबाप्तिस्मा. कॅथलिक मराठीत या संस्काराला स्नानसंस्कार म्हणतात, कानडीत दीक्षास्नान. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, जोयडा या सीमाभागात ख्रिस्ती वस्ती थोडी, पण पंथ बरेच आहेत. रोमन कॅथलिक, मेथडिस्ट आणि चर्च ऑफ साउथ इंडिया या मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. ब्रदरन, पेंटेकॉस्टल आणि बहुतेक स्वतंत्र मंडळ्या देत नाहीत. त्यांच्याकडे बाळाचे नुसते समर्पण होते, म्हणजे पाण्याविना, प्रार्थना करून ते देवाला अर्पण करतात. बाप्तिस्मा मूल जाणते झाल्यावर स्वतः मागून घेते. सासर मेथडिस्ट आणि माहेर पेंटेकॉस्टल असले की “बाळाचा बाप्तिस्मा कधी?” हा प्रश्न बारशाच्या आधीच घरात येतो.

या चर्चेत दोन वेगळे मुद्दे नेहमी एकमेकांत मिसळतात. बाप्तिस्मा कोणाला द्यावा हा एक, आणि पाणी शिंपडावे, ओतावे की पाण्यात बुडवावे हा दुसरा. “शिंपडण्याचा” म्हणजे लहान मुलांचा आणि “बुडवण्याचा” म्हणजे मोठ्यांचा, असे सरसकट बोलले जाते. पण केरळचे ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्ती तान्ह्या मुलालाही पाण्याच्या कुंडात घालतात, आणि कॅथलिक चर्च प्रौढ उमेदवाराच्याही डोक्यावर बहुधा पाणी ओततेच.

शास्त्राधार

नव्या करारात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा दिल्याचा एकही उघड प्रसंग नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाला मोठे होईपर्यंत थांबवल्याचाही नाही. उरतात ती अनुमाने.

मुलांना बाप्तिस्मा द्यावा म्हणणाऱ्यांचा पहिला आधार ‘घराण्यां’चा आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदियेचा आणि फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्यांच्या घरच्यांसकट झाला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल स्तेफनाच्या घरच्यांना आपण बाप्तिस्मा दिल्याचे सांगतो. इतक्या घरांत एकही लहान मूल नसेल का, असा त्यांचा सवाल. यावर दुसरी बाजू त्याच पानांवर बोट ठेवते. बंदिशाळेचा अधिकारी आपल्या सगळ्या घराण्यासह विश्वास ठेवून आनंदित झाला असे तिथे लिहिले आहे, आणि स्तेफनाच्या घरचे पुढे पवित्र जनांच्या सेवेला लागले. तान्ही मुले यातले काहीच करत नाहीत.

घराण्यासकट बाप्तिस्मा ही कल्पना सीमाभागातल्या वाचकाला समजावून द्यावी लागत नाही. कुलदैवत घराचे असते, नवस घराचा असतो, कर्ता माणूस ज्या देवाकडे जातो तिकडे घर जाते. एकट्याने आपला निर्णय आपण घ्यायचा, ही गोष्टच इथे नवी होती. त्यामुळे बालबाप्तिस्म्याच्या बाजूचा हा युक्तिवाद इथे जितका चटकन पटतो, तितकाच तो तपासून घ्यायला हवा. ओळखीची वाटणारी गोष्ट शास्त्रात सांगितलेलीच असते असे नाही.

दुसरा आधार कराराचा आहे, आणि पहिल्यापेक्षा तो भक्कम आहे. उत्पत्ती १७ मध्ये देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण म्हणून मुलाची सुंता आठव्या दिवशी होत असे. त्या मुलाला काही कळत होते म्हणून नव्हे, ते कराराच्या घरात जन्मले म्हणून. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सुंता आणि बाप्तिस्मा यांची सांगड घालतो. पेत्राच्या पहिल्या प्रवचनातले वचनही “तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना” असे आहे. कॅल्व्हिन आणि त्याच्या मागून आलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेने सगळी मांडणी यावर उभी केली. थांबा म्हणणारे यावर विचारतात की जुना करार जन्माने चालत होता, नवा नव्या जन्माने चालतो. मग खूण तरी जुन्या रीतीने का द्यावी? ते क्रमाकडे लक्ष वेधतात: आधी ऐकणे, मग पश्चात्ताप व विश्वास, मग पाणी. पेत्राचे प्रवचन स्वीकारणाऱ्यांचा बाप्तिस्मा झाला; कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याने वाटेत पाणी पाहून स्वतःच विचारले. या क्रमाला प्रत्युत्तर असे की ही सगळी माणसे पहिल्या पिढीची होती, आणि पहिल्या पिढीत क्रम दुसरा असूच शकत नाही.

“बालकांना माझ्याजवळ येऊ द्या” हे मार्क १० मधले वाक्य बाप्तिस्म्याच्या कार्डांवर हमखास छापलेले असते. पण येशूने त्या मुलांना उचलून घेतले, हात ठेवून आशीर्वाद दिला. पाण्याचा तिथे उल्लेख नाही. समर्पण करणारेही हाच उतारा वाचतात.

इतिहासातले टप्पे

इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे लिहितो. म्हणजे तेव्हा तो दिला जात होता, आणि त्यावर दुमतही होते. पन्नासेक वर्षांनी त्याच शहरात बिशप सिप्रियनच्या परिषदेने आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असा निर्वाळा दिला. चौथ्या शतकात मात्र थांबण्याचीच चाल होती: बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचे काय, या धास्तीने लोक तो पुढे ढकलत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मृत्युशय्येवर घेतला. पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनची आई ख्रिस्ती असूनही त्याचा बाप्तिस्मा ३८७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला. पुढे याच ऑगस्टीनच्या मूळपापाच्या (माणूस जन्मतःच पापाचा वाटेकरी असतो या) सिद्धांताने पश्चिमेकडे बालबाप्तिस्मा पक्का केला.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुणांनी, लहानपणी झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे म्हणून, एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला शहराच्या कारभाऱ्यांनी नदीत बुडवून मारले. ल्यूथर, कॅल्व्हिन आणि अँग्लिकन चर्च यांनी बालबाप्तिस्मा कायम ठेवला. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि विसाव्या शतकातले पेंटेकॉस्टल दुसऱ्या बाजूला गेले.

सीमाभागात

लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात काम सुरू केले. १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आले. दोन्ही संस्था मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, पण गोव्याहून घाट चढून आलेली कोंकणीभाषक कुटुंबे त्याच्या फार आधीची आहेत. यल्लापूर आणि हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींमध्येही कॅथलिक आहेत. या घरांत बालबाप्तिस्मा ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असल्याने त्यावर वाद असा नव्हताच.

प्रॉटेस्टंट मराठी समाजाची सुरुवात मात्र जाणत्या माणसांच्या बाप्तिस्म्याने झाली. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचन, शंका आणि घरच्यांचा विरोध यांतून तिथवर येण्याची हकिगत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, आणि त्यांच्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. एकाच दिवशी आईने विचार करून घेतला आणि लेकीला आईमागून मिळाला. बालबाप्तिस्म्याचा प्रश्न खरा सुरू होतो तो इथे, दुसऱ्या पिढीपाशी. ज्याने घरदार दुरावून निर्णय घेतला, त्याच्या मुलाला तोच निर्णय पाळण्यात मिळावा का? प्रस्तुत लेखकाच्या मते सीमाभागातली आजची ओढाताण वचनांपेक्षा या प्रश्नाने जास्त समजते. जुन्या मेथडिस्ट घराची ही पाचवी-सहावी पिढी असते, आणि शेजारच्या प्रार्थना-मंडळीतले जोडपे स्वतःच परवा विश्वासात आलेले असते. दोघे एकच वचन वाचतात; पण एकाला वारसा जपायचा असतो, दुसऱ्याला वारशाने काही मिळते यावरच भरवसा नसतो.

विधी

कॅथलिक कायदा सांगतो की आईवडिलांनी पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्म्याची सोय करावी, आणि तो सहसा त्यांच्या स्वतःच्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) व्हावा. इथली रीत अशी की पहिले बाळंतपण माहेरी आणि बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सासरी परतल्यावर होतो. नाहीतर सासरच्या फादरची परवानगी घेऊन माहेरच्या चर्चमध्ये उरकतात. मूल अत्यवस्थ असेल तर थांबायचे नसते. अशा वेळी कोणीही, अगदी दवाखान्यातली नर्सही, पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते.

दारातच फादर विचारतात, “बाळाचे नाव काय ठेवले? चर्चकडे काय मागता?” मग कपाळावर क्रुसाची खूण, तेल, सैतानाचा नकार, विश्वासांगीकार. धर्ममाता बाळाला कुंडावर आडवे धरते. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी ओतले जाते. बाळ बहुधा तिसऱ्या वेळी रडते आणि मागच्या बाकांवर हसू फुटते. त्यानंतर पवित्र तेलाचा अभिषेक, पांढरे वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती. धर्मपिता किंवा धर्ममाता व्हायला माणूस सोळा वर्षांवरचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालेला कॅथलिक असावा लागतो. मामा मेथडिस्ट असेल तर त्याला तो मान मिळत नाही. कॅथलिक धर्ममातेबरोबर साक्षीदार म्हणून उभे राहता येते. या एका नियमावरून झालेले रुसवेफुगवे बरीच वर्षे चालतात.

मेथडिस्ट मंडळीत हे सगळे रविवारच्या उपासनेत थोडक्यात होते. पाळक मुलाच्या डोक्यावर पाणी घालतात, आईवडील व मंडळी वचन देतात, आणि मूल पूर्ण सभासद होते ते मोठेपणी, दृढीकरणानंतर.

पेंटेकॉस्टल समर्पणात पाळक बाळाला हातात घेऊन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. हन्नाने शमुवेलाला मंदिरात नेले तो उतारा वाचतात. आईवडील वचन देतात, शेवटी पेढे वाटले जातात. पाणी सोडले तर बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही. जुन्या मंडळीतल्या आजीला तो नेमका कळतो: “पाणी घातलं नाही, मग झालं काय?” पुढे मुलगा किंवा मुलगी साधारण किशोरवयात किंवा त्यानंतर साक्ष देऊन बाप्तिस्मा मागते. तो नदीत, विहिरीत किंवा सभागृहामागच्या सिमेंटच्या हौदात होतो. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरते, तेव्हा हौदच सोयीचा.

दुसरा बाप्तिस्मा

खरे भांडण लागते ते थांबण्यावरून नव्हे, पुन्हा घेण्यावरून. एखादे मूल बाप्तिस्म्याविना वाढले तर कोणतीही मंडळी त्याला मोठेपणी बाप्तिस्मा देईल. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांसाठी वेगळा विधीच आहे. पण लहानपणी बाप्तिस्मा झालेला तरुण प्रार्थना-मंडळीत जाऊन बुडवून घेतो, तेव्हा जुनी मंडळी दुखावते. तिच्या दृष्टीने बाप्तिस्मा एकदाच होतो, आणि दुसरा घेणे म्हणजे देवाने पहिल्या वेळी काही केलेच नाही असे म्हणणे. नव्या मंडळीच्या दृष्टीने हा दुसरा नाहीच. तान्हेपणी झाले ते नुसते डोके ओले करणे.

१९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बॅप्टिस्ट आणि ब्रदरन हेही सामील झाल्याने तिला यावर तोडगा काढावाच लागला. बालबाप्तिस्मा व विश्वासी बाप्तिस्मा (जाणतेपणी स्वतः विश्वास ठेवून घेतलेला) असे दोन्ही पर्याय तिने मान्य केले. कोल्हापूर, मिरज या बाजूच्या सोयऱ्यांमुळे ही व्यवस्था बेळगावकरांना ठाऊक असते. १९४७ च्या चर्च ऑफ साउथ इंडियात मूळ घटक सगळे मुलांना बाप्तिस्मा देणारे, त्यामुळे तिथे हा पेच त्या वेळी आला नव्हता. जागतिक चर्च परिषदेच्या बाप्तिस्म्यावरही मत मांडणाऱ्या १९८२ च्या लिमा मसुद्याने पुनर्बाप्तिस्मा टाळावा असे म्हटले, पण स्वतंत्र मंडळ्यांना तो बांधील नाही.

थांबणाऱ्यांवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की मूल पुढे चर्चकडे फिरकतच नाही. तसे होते, बाप्तिस्मा झालेली मुलेही नोकरीला पुण्या-बंगळुरूला गेली की फिरकत नाहीत. दृढीकरणाचा वर्ग नावापुरता घेणाऱ्या मंडळीने आपला बालबाप्तिस्मा श्रेष्ठ म्हणू नये, आणि चौदा वर्षांच्या मुलांना एका शिबिरात रांगेने पाण्यात उतरवणाऱ्यांनी तो स्वतंत्र निर्णय म्हणू नये.

नोंदवही आणि दाखला

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता आणि विधी करणाऱ्याची सही असते. कॅथलिक पॅरिशमध्ये पुढे विवाहाची नोंदही त्याच ओळीच्या समासात होते. म्हणून लग्न ठरले की आधी बाप्तिस्मा झालेल्या चर्चचा ताजा दाखला मागवतात. समर्पण झालेल्या मुलीचे स्थळ कॅथलिक घरात जमले तर हा दाखला नसतो. तिचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर धर्मप्रांताची खास सूट लागते. नाहीतर तो लग्नाच्या तोंडावर घाईने होतो, आणि ही घाई दोन्ही बाजूंच्या शिकवणीत बसत नाही.

दलित कुटुंबांत या दाखल्याचे वजन वेगळेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. तान्हेपणी झालेल्या तिच्या बाप्तिस्म्याची नोंद त्या प्रकरणात पुरावा ठरली. मूल पाळण्यात असताना आईवडिलांनी घेतलेला निर्णय त्याच्या शिक्षण-नोकरीपर्यंत असा पोहोचतो. काही घरे “मोठा झाल्यावर स्वतः घेईल” म्हणतात, त्यामागे दर वेळी धर्मशास्त्रच असते असे नाही, आणि पाळकांनाही ते माहीत असते. धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.