पीएचडी म्हणजे जनावरांच्या उपचाराची सर्वांत मोठी पदवी?

‘पीएचडी झालेल्या पशुवैद्यालाच दाखवा, बाकीचे अर्धवट डॉक्टर’ असं गावोगावी ऐकू येतं. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघांच्याही नावाआधी ‘डॉ.’ असतं.

पण उपचाराचा अधिकार पीएचडीने मिळत नाही. तो मिळतो बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीने आणि नोंदणीने. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शस्त्रक्रिया किंवा प्रसूतिशास्त्रातलं विशेष शिक्षण त्यापुढच्या एम.व्ही.एस्सी. या पदव्युत्तर पदवीत होतं.

पीएचडी वेगळीच वाट आहे. समजा, विषय कासदाहाचा, म्हणजे आपल्या दगडीचा. संशोधक गोठ्यात जातो, सड स्पिरिटने पुसतो, पहिल्या धारा सोडून प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या बाटलीत घेतो. प्रयोगशाळेत थाळीवर जंतू वाढवतो आणि औषध लावलेल्या कोणत्या चकतीभोवती ते किती अंतरापर्यंत वाढत नाहीत, हे मिलिमीटरमध्ये मोजतो. शेकडो नमुने, एकच प्रश्न. उद्या तुमच्या गाईला कोणतं प्रतिजैविक लागू पडेल, हे अशाच कामातून कळतं, म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं. पण रात्री दोनला वासरू आडवं आलं तर रोज अडलेल्या गाई सोडवणारा हातच हवा.

खात्री करणं सोपं आहे. १९८४च्या केंद्रीय कायद्यानुसार पशुवैद्यांची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात गैर काही नाही. पीएचडी असेल तर प्रबंधाचा विषयही विचारा. तो कोंबड्यांच्या खाद्यावरचा असेल, तर बैलाच्या मोडलेल्या पायाशी त्याचा संबंध नाही.