मुद्दाम तापवलेली हवा आणि ती गार करण्याचा खटाटोप

इंजिनला गार हवा मिळावी म्हणून हौशी लोक घरच्या घरी बरंच काही करतात. एअर फिल्टरचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत लांबवतात, एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात, बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलतात. हे पाहून वाटतं, इतकी साधी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांना कशी सुचली नाही? खरं तर ही हवा त्यांनीच कित्येक दशकं मुद्दाम गरम केली होती, आणि तेव्हा त्यांचं चुकलंही नव्हतं.

दोष होता कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राचा. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिचा दाब उतरतो, त्यातच पेट्रोलची वाफ होते, आणि या दोन्हींमुळे तापमान २० अंशांनीही खाली येऊ शकतं. बाहेर १० अंश आणि हवा दमट असेल तर गळ्यात चक्क बर्फ धरतो. गाडी आचके देते, बंद पडते. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला थांबलं की इंजिनच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. मेकॅनिक बॉनेट उघडून पाहतो तेव्हा पुरावा कधीच वाहून गेलेला असतो. शिवाय इन्टेक मॅनिफोल्ड, म्हणजे हे मिश्रण सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्या, थंड असलं की पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटतात आणि सगळ्या सिलिंडरांना सारखं मिश्रण मिळत नाही. म्हणून या मॅनिफोल्डला एक्झॉस्टची किंवा गरम पाण्याची ऊब द्यायची पद्धत पडली. काही गाड्यांच्या फिल्टरवर तर ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’ अशी खूण असे आणि मालकाने ऋतू बदलला की खटका फिरवायचा.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाचे नियम आले आणि हा खटका आपोआप फिरू लागला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती पत्र्याचं आवरण, तिथून फिल्टरच्या तोंडाशी येणारा जाड, घड्याघड्यांचा पाइप आणि तोंडात एक झडप. फिल्टरच्या डब्यात तापमान ओळखणारी द्विधातूची पट्टी. हवा थंड असेल तोवर इंजिनची ओढ झडपेला गरम बाजूकडे खेचून ठेवते. हवा तापली की ती ओढ सुटते आणि झडप बाहेरच्या हवेकडे वळते. मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, ठेवायचं तर आत येणारी हवा ठरावीक तापमानाची हवी, हा त्यामागचा हिशेब. ही झडप गरम बाजूला अडकली की भर उन्हाळ्यात गाडी दम टाकायची. मग कुणीतरी तो पाइप उपटून फेकायचं. हा घरगुती बदलांमधला एक जुना आणि अगदी स्वस्त प्रकार. पुढच्या हिवाळ्यात सकाळी तीच गाडी का कुरकुरते, हे मात्र कोडंच राहायचं.

शर्यतवाल्यांना हिवाळ्याची चिंता नव्हती. हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण १ टक्क्याने घटते. २५ अंशांची हवा बॉनेटखाली ५५ वर गेली तर ९ टक्के ऑक्सिजन गेलाच म्हणा. वर नॉकिंगचा धोका वाढतो: सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच पेटतं आणि ठकठक ऐकू येते. म्हणून फोर्डने १९६४ च्या थंडरबोल्टमधून आतले दोन हेडलाइट चक्क काढून टाकले, त्या भोकांना जाळी लावली आणि तिथून थेट कार्ब्युरेटरपर्यंत पाइप नेले. शेवरलेच्या १९६३ च्या झेड-११ मध्ये हवा उलट मागून, विंडस्क्रीनच्या पायथ्याशी घेतली होती, कारण वेगात असताना तिथे हवेचा दाब साचतो. सरळ रेषेतल्या शर्यतीवाले पेट्रोलची नळी बर्फ भरलेल्या डब्यातून फिरवत, तो प्रकार तर खऱ्या अर्थाने घरगुती.

इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो आल्यावर प्रश्नाचं रूपच बदललं. हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली तर २५ अंशांवरून ती सहज शंभरी ओलांडते. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत सोडलं जाई. त्याची टाकी मालकाने भरायची होती, आणि मालक विसरत. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसणारा उपाय म्हणजे इंटरकूलर, दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर. विमानांना तो ठाऊक होताच. पोर्शेच्या ९११ टर्बोला तो १९७८ मध्ये मिळाला.

कार्ब्युरेटरची सद्दी इंजेक्शनने संपवली. १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर आलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिकपासून पेट्रोल थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी पडू लागलं. गळ्यात बर्फ धरायचं मुख्य कारणच गेलं, आणि कारखान्यांनी स्वतःहून फिल्टरचं तोंड हेडलाइटमागे किंवा मडगार्डमध्ये हलवलं. जुन्या काळाची एक खूण मात्र अनेक इंजिनांवर राहिली: थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या घरातून, फिरणारं इंजिनचं गरम पाणी. ती नळी बाजूने वळवणं हा आजही हौशींचा आवडता उद्योग.

नंतर उघड्या शंकूच्या फिल्टरची लाट आली. आवाज दमदार, पण तो बॉनेटखालची तापलेलीच हवा ओढतो. हवेच्या पाइपला उष्णतारोधक गुंडाळण्याचंही असंच. २ लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा ओढतं. मीटरभर लांब, ७० मिलिमीटर रुंद पाइपातून ती ०.०४ सेकंदात पार होते. एवढ्या वेळात तापणार तरी किती? सिग्नलला उभं असताना मात्र तीच हवा पाइपात जवळपास सेकंदभर रेंगाळते. गुंडाळीचा फायदा व्हायचाच तर तिथे.

बॉनेट उचलण्यातली गंमत झेड-११ वाल्यांना लगेच कळली असती. गाडी उभी असते तेव्हा त्या फटीतून गरम हवा बाहेर जाते. वेगात मात्र विंडस्क्रीनच्या पायथ्याचा दाब हवा उलट आत ढकलतो, आणि रेडिएटरमधून आलेली हवा बाहेर पडायला अडते.

१९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती बाहेर वाचता येणारी जोडणी, सक्तीची झाली आणि पुढे आत येणाऱ्या हवेचं तापमान कुणालाही मोबाइलवर दिसू लागलं. यंत्र एकच आकडा पाठवतं, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सियस. पण सेन्सर तापलेल्या मॅनिफोल्डमध्ये बसला असेल तर तो थोडंफार धातूचंही तापमान सांगतो, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. याच आकड्यापायी एक बिलंदर उपायही निघाला: सेन्सरच्या जागी ठरावीक रोधाचा रेझिस्टर. हवा होती तेवढीच गरम राहते, फक्त कॉम्प्युटरला ती गार वाटते. मग तो पेट्रोल वाढवतो, तापलेल्या हवेसाठी स्पार्क जरा उशिरा पाडायचा तो पाडत नाही, आणि चढावर ठकठक सुरू होते.