राणीबागेतलं संग्रहालय: वर्गणीदार, पालिका आणि विश्वस्त मंडळ

फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात एक त्रिपक्षीय करार झाला. भायखळ्याच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आणि आतला संग्रह पालिकेच्याच मालकीचा राहणार होता. दुरुस्ती आणि पुढचा कारभार मात्र तिघांनी मिळून पाहायचा होता. त्यातूनच संग्रहालयाचं स्वतंत्र विश्वस्त मंडळ आलं. महापौरांच्या शेजारी उद्योगपतींच्या घरातली आणि वारसा चळवळीतली माणसं बसू लागली.

पालिकेची वास्तू बाहेरच्यांच्या हाती कशी द्यायची, हा प्रश्न अशा वेळी हटकून येतो, आणि तो गैरही नाही. फक्त या वास्तूच्या बाबतीत तो विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हे संग्रहालय पालिकेने काढलेलंच नाही. ते काढलं शहरातल्या वर्गणीदारांनी. पालिका नंतर आली.

सुरुवात झाली ती परदेशातल्या प्रदर्शनांमुळे. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला भव्य औद्योगिक प्रदर्शनं भरली. त्यांच्यासाठी पश्चिम हिंदुस्थानातून कापूस, लाकूड, धातूकाम, कापड, मातीची भांडी असे नमुने गोळा झाले. त्यातलं काही इथेच ठेवून मुंबईत कायमचं संग्रहालय करावं, अशी कल्पना निघाली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात फोर्टातल्या टाउन बरॅक्समध्ये ते मांडलं गेलं. डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याची व्यवस्था पाहत होते. तोच १८५७ चा उठाव झाला, सैन्याला बरॅक्स हव्या झाल्या आणि संग्रह अक्षरशः बाहेर काढला गेला. बऱ्याच वस्तूंची त्यात मोडतोड झाली. हक्काचं छप्पर नसलेल्या संस्थेचं काय होतं ते शहराने पहिल्याच फटक्यात पाहिलं.

उरलंसुरलं सामान डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी टाउन हॉलमध्ये लावलं. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपून राणीचा जाहीरनामा आला. लगोलग व्हिक्टोरियाच्या नावाने संग्रहालय आणि बाग उभारण्यासाठी शहरात सभा झाली. बर्डवुड यांच्यासोबत पुढे होते नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. नाना म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या जवळपास प्रत्येक सार्वजनिक कामामागचं नाव. भाऊ मूळचे गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले, फावल्या वेळात शिलालेख वाचायचे आणि पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. राणीचं नाव लावलं की सरकार नाही म्हणू शकत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक असणार. वर्गणी लाखावर गेली आणि सरकारनेही मदत दिली. कारभार वर्गणीदारांच्या समितीकडे राहिला. आज आपण ज्याला विश्वस्त मंडळ म्हणतो, त्याचीच ही पहिली आवृत्ती.

१९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. ते दिवस पैशांचे होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता, शहरात पैसा वाहत होता आणि शेअरांचा सट्टा जोरात होता. एप्रिल १८६५ मध्ये ती यादवी थांबली आणि १ जुलैच्या वायद्याला सगळा डोलारा कोसळला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट गेले. सट्ट्याने भाऊ दाजींनाही जबर फटका दिला होता. समितीचे पैसे अडकले आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारला हात घालावा लागला आणि इमारत पुरी झाली. २ मे १८७२ ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पुढच्या दोन वर्षांत, ३१ मे १८७४ ला, भाऊ दाजीही वारले.

माझ्या मते कारभाराच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नागरिकांची समिती उत्साहाने संस्था काढू शकते. पण तिचा पैसा बाजारावर अवलंबून असेल, तर बाजार बसल्यावर समितीही बसते. मग ज्याने इमारत पुरी केली, त्याचा शब्द चालणारच.

योगायोग असा की संग्रहालय उघडलं त्याच १८७२ साली मुंबईचा नवा पालिका कायदा आला आणि ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. बाग चालवणाऱ्या बागायती संस्थेचं बळ सरत आलं होतं, ती बाग पालिकेकडे गेली. १८८० च्या दशकात संग्रहालयही तिच्या पदरात पडलं. हे मुद्दाम आखलेलं धोरण म्हणता येणार नाही. ज्या संस्था स्वतःच्या बळावर उभ्या राहू शकत नव्हत्या, त्या एकेक करून पालिकेच्या दारात येत होत्या.

पालिकेने संग्रहालय अगदी वाऱ्यावर सोडलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सी. एल. बर्न्स यांच्याकडे इथली जबाबदारी होती. मुंबईच्या जातीजमाती, धंदे, पागोटी, गलबतं यांच्या मातीच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती या वास्तूची ओळख झाल्या त्या याच सुमारास. काचेच्या पेटीतला वीतभर उंचीचा कारागीर आजही पोरांना हत्तीइतकाच खिळवून ठेवतो. हत्ती म्हणजे बाहेरचा, काळ्या दगडाचा. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलेफंटा नाव दिलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना साखळदंड तुटले, हत्तीचे तुकडे झाले आणि ते तुकडे राणीबागेत आले. १९१४ मध्ये जोडून त्याला उभं केलं.

दरम्यान शहराचं लक्ष दक्षिणेकडे वळलं. १९०९ च्या स्वतंत्र कायद्याने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, स्वतःचं विश्वस्त मंडळ मिळालं. १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. एकाच शहरात दोन संग्रहालयं, एक कायद्याने स्वायत्त आणि दुसरं पालिकेच्या एका विभागाचं. दोघांची पुढची वाट वेगळी होण्यात या फरकाचा वाटा मोठा आहे. विभागाच्या अंदाजपत्रकात संग्रहालय हे उद्यान, प्राणी आणि माळी यांच्या ओळीत बसतं. छत गळतंय म्हणून आलेली फाइल आणि पिंजऱ्याची जाळी बदलायची फाइल एकाच टेबलावर पडते, आणि पिंजऱ्यात जिवंत जनावर असतं.

स्वातंत्र्यानंतर हे आणखी ठळक झालं. १९६५ च्या सुमारास शहरातले इंग्रजी अमदानीचे पुतळे चौकांतून हलवायचे ठरले. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड राणीबागेत आला. कॉर्नवॉलिस, वेलस्ली, खुद्द व्हिक्टोरिया, सगळे संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवले गेले. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. पुतळे जपून ठेवणं योग्यच होतं. पण शहराला जे ठेवायचंही नव्हतं आणि टाकायचंही नव्हतं, ते सोडायची जागा म्हणून संग्रहालयाचं आवार कामी आलं, हेही तितकंच खरं. १ नोव्हेंबर १९७५ ला व्हिक्टोरियाचं नाव जाऊन डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव लागलं. नामांतर उचित होतं. पण त्याने छत गळायचं थांबलं नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इन्टॅकने पालिकेकडे जीर्णोद्धाराचा प्रस्ताव नेला. करारावर सह्या व्हायला पाच-सहा वर्षं गेली. पालिकेच्या कामकाजाची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. प्रस्तावाला समित्या, सभागृह, आयुक्त आणि विधी खातं असा सगळा फेरा असतो, आणि मध्ये एखादी निवडणूक आली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जे ठरलं त्याचा सांगाडा असा: मालकी पालिकेची, पैसा पालिका आणि प्रतिष्ठान दोघांचा, तज्ज्ञता इन्टॅकची, आणि या सगळ्यावर विश्वस्त मंडळ. जतनाचं काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्याकडे होतं. मानद संचालक म्हणून तस्नीम मेहता यांनी कारभार हाती घेतला. ट्यूबलाइटी आणि नंतर केलेली डागडुजी काढल्यावर खालून ओतीव लोखंडाचे खांब, फिकट हिरव्या भिंती आणि सोन्याचा वर्ख दिलेलं नक्षीकाम पुन्हा दिसू लागलं. २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च मान या कामाला मिळाला. जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. नंतर समकालीन चित्रकार आणि शिल्पकारही इथल्या जुन्या संग्रहाला समोर ठेवून आपलं काम मांडू लागले. पालिकेच्या एखाद्या विभागाच्या अखत्यारीत हे झालं असतं, असं मला तरी वाटत नाही.

तुलना हवी असेल तर लांब जायला नको. विलेपार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह, मुलुंडचं कालिदास ही पालिका थेट चालवते. तारखांच्या वाटपापासून वातानुकूलन आणि स्वच्छतागृहांपर्यंतच्या तक्रारी नाटकवाल्यांना तोंडपाठ आहेत. पण त्या तक्रारी घेऊन नगरसेवकाला गाठता येतं आणि सभागृहात आवाज उठवता येतो. विश्वस्त मंडळाला असा जाब कोण आणि कुठे विचारणार, हे करारात लिहून घ्यावं लागतं. लिहिलं नसेल, तर मंडळावर कोण बसलंय त्यांच्या भलेपणावर सगळं राहतं.

या मंडळात लोकांच्या बाजूचा खरा दुवा म्हणजे महापौर. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात मुंबईला महापौरच नव्हता. करार करणाऱ्यांनी २००३ मध्ये हा प्रसंग कल्पिला असेल असं वाटत नाही. लोकनियुक्त सभागृह कायम असणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं.

मंडळाच्या मर्यादेची दुसरी खूण म्हणजे नवी इमारत. संग्रहालयाला जोडून आणखी एक दालन बांधायचं ठरलं आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली गेली. २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. प्रदर्शनं, अभ्यासक्रम, जतनाचं रोजचं काम हे मंडळाच्या कक्षेत येतं. पण पालिकेच्या जमिनीवर नवी वीट ठेवायची तर पैसा आणि मंजुरी पालिकेकडूनच यावी लागते. दहा वर्षं उलटून गेली, आराखडा अजून कागदावरच आहे.