सरकारी वकील नेमायचा कोणी?

'सरकारी वकील' हा शब्द आपण सरसकट वापरतो. दंडाधिकाऱ्यांसमोर चोरीचा खटला चालवणारा सरकारी वकील, सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यात उभा राहणारा सरकारी वकील, आणि भूसंपादनाच्या दाव्यात जिल्हाधिकाऱ्यांची बाजू मांडणाराही सरकारी वकीलच. कायद्याच्या लेखी मात्र यांत मोठा फरक आहे. यांतला पहिला म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता (अभियोक्ता म्हणजे सरकारतर्फे फौजदारी खटला चालवणारा वकील). तो एमपीएससीतून निवडून येतो आणि गृह विभागाचा कायम अधिकारी असतो. सत्र न्यायालयातला अभियोक्ता आणि दिवाणी दाव्यांतला सरकारी वकील हे व्यवसाय करणाऱ्या वकिलांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. ती नेमणूक विधि व न्याय विभागाची. पुष्कळ जिल्ह्यांत जिल्हा सरकारी वकील आणि सरकारी अभियोक्ता या दोन्ही पाट्या एकाच दारावर असतात.

ही विभागणी एका दिवसात झालेली नाही. इंग्रजी अमदानीत अभियोक्ता हा उघडपणे सरकारचा माणूस होता. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात सरकारतर्फे खुद्द ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचे सर्वांत वरचे वकील, उभे राहिले. पुढच्याच वर्षी आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अभियोक्ता नेमण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला दिला. त्यासाठी कोणाला विचारावे लागेल, असे त्यात काही नव्हते. खालच्या न्यायालयांत तर खटले बहुधा पोलीस खात्यातलेच लोक चालवत. 'पोलीस प्रॉसिक्यूटर' हे पद जुन्या वकिलांना अजून आठवते. ज्या खात्याने तपास केला, त्याच खात्याचा माणूस न्यायालयात तो तपास मांडणार आणि त्याची बढती-बदली पोलीस वरिष्ठांच्या हाती. तपास कच्चा आहे, हे त्याने कोणाच्या जोरावर सांगायचे?

स्वातंत्र्यानंतर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवले आणि खटले चालवणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करा, असे सुचवले. ते कायद्यात यायला पंधरा वर्षे गेली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्याला सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमायला मनाई केली. कोणीच उपलब्ध नसेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अपवाद करता येई, पण तेव्हाही त्या गुन्ह्याच्या तपासात भाग घेतलेला किंवा निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी चालत नसे.

महाराष्ट्राने काय केले? त्याच दिवशी अधिसूचना काढून पोलीस प्रॉसिक्यूटरांनाच सहायक सरकारी अभियोक्ते केले आणि त्यांना पोलीस खात्याच्याच अंमलाखाली ठेवले. पदाचे नाव बदलले, साहेब तोच राहिला. हे तब्बल एकवीस वर्षे चालले. शेवटी काही अभियोक्तेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. १९९५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग (केडर) करा आणि त्यांचा प्रमुख पोलीस खात्याबाहेरचा असू द्या. आज अभियोक्त्यांचा कारभार पाहणारे जे अभियोग संचालनालय दिसते, त्यामागे खात्यातल्याच माणसांनी दिलेली ही लढाई आहे. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

सत्र न्यायालयाच्या बाजूची गोष्ट याच्या उलट गेली. १९७३ च्या संहितेचे कलम २४ सांगत होते की, उच्च न्यायालयातला अभियोक्ता उच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन नेमायचा. जिल्ह्यात सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नावांचे पॅनेल करायचे आणि पॅनेलबाहेरचा कोणी नेमायचा नाही. किमान सात वर्षे वकिली ही अट होतीच. यात सत्र न्यायाधीशांचे मत सर्वांत मोलाचे. कोणता वकील कागद वाचून येतो, कोणाला साक्षीदार तपासता येतो, कोण तारखा मागतो, हे त्यांना रोज समोर दिसते. १९८१ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती करून उच्च न्यायालयाचा सल्ला वगळला आणि सत्र न्यायाधीशांच्या जागी 'राज्य शासनाच्या मान्यतेने' हे शब्द घातले. नेमणारे शासन आणि पॅनेलला मान्यता देणारेही शासनच. माझ्या मते या विषयातले राज्याचे सर्वांत चुकीचे पाऊल हेच. सरकार बदलले की जिल्हा सरकारी वकील कोण होणार, ही चर्चा बार रूममध्ये सुरू होते, तिचे मूळ इथे आहे.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यातल्या सर्व जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम काढले. मुदत उरली आहे की संपली, हेही पाहिले नाही. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. या पदाला सार्वजनिक स्वरूप आहे, सरकारला ते खाजगी अशिलासारखे वागवता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

एखाद्या खटल्यापुरत्या नेमल्या जाणाऱ्या विशेष सरकारी वकिलांचा प्रश्न आपल्याकडूनच दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्याच्या १९८४ च्या विधि अधिकारी नियमांत फिर्यादीच्या खर्चाने विशेष अभियोक्ता नेमायची सोय होती. मुकुल दलाल प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, मागणी आली म्हणून नेमणूक होता कामा नये; प्रत्येक अर्ज तपासला पाहिजे.

हे सगळे इतके महत्त्वाचे का, ते खटला मागे घेण्याच्या अधिकारावरून कळते. तो अर्ज सरकारी अभियोक्ताच करू शकतो आणि न्यायालयाची संमती लागते. सरकारची इच्छा असली तरी निर्णय त्याने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा असतो. पण ज्याची खुर्ची मंत्रालयातल्या एका आदेशावर अवलंबून आहे, त्याने हे कसे करायचे? ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ मध्ये उच्च न्यायालय आणि सत्र न्यायाधीश यांच्या सल्ल्याचे शब्द कायम आहेत. कलम ३६० प्रमाणे खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकावेच लागते. अभियोग संचालकासाठी वकिलीचा अनुभव दहावरून पंधरा वर्षे केला आहे. पण जुन्या संहितेच्या कलम २५-अ मध्ये त्या नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागत असे. नव्या कलम २० मध्ये ती अट नाही.