मंगळाचा फोटो विणतात कसा

यंदा गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं मला मंगळावरच्या कॅमेऱ्यांवर बोलायला सांगितलं, आरतीनंतर तासभर. मी वडगावात राहतो, बेळगावच्या ह्या भागात घरोघरी यंत्रमाग, आरती संपली तरी मागच्या बोळातून खटखट चालूच असते. फोटो निवडत बसलो होतो तेवढ्यात व्हॉट्सअपवर परत तो 'दरवाजा' आला. मंगळावर दरवाजा सापडला, नासा लपवतंय, दहा जणांना पाठवा. तो फोटो २०२२ च्या मे महिन्यात नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरनं, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या चाकांच्या यंत्रानं काढलेला, खडकात चौकोनी भेग आहे आणि दिसते अगदी कोरल्यासारखी. इतकी वर्षं झाली तरी फिरतोच आहे. मग मी ठरवलं, आज रॉकेट नको, इंजिन नको, फक्त फोटो येतो कसा एवढंच सांगायचं.

सुरुवातीलाच विचारलं, फोटो म्हणजे काय? पोरं म्हणाली क्लिक. बटण दाबलं की आला. मंगळावरनं असा फोटो येत नाही, तिथनं आकडे येतात, ओळीनं, एकामागोमाग एक. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्यानं पहिल्यांदा जवळून फोटो घेतले, २१ पूर्ण आणि बाविसाव्याचा थोडा भाग. एक फोटो म्हणजे २०० ओळी, दर ओळीत २०० ठिपके, आणि ठिपका किती उजळ ते सांगणारा ० ते ६३ मधला एक आकडा, म्हणजे ठिपक्याला ६ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक). हे सगळं यानावरच्या टेपवर साठवलं आणि मग सेकंदाला ८.३३ बिट ह्या वेगानं पृथ्वीकडे धाडलं. एका फोटोला आठ तास! नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरांना धीर निघेना, त्यांनी येणारे आकडे कागदी पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या आणि रंगीत खडूनं आकड्याबरहुकूम रंग भरत गेले. कॉम्प्युटरवर चित्र तयार व्हायच्या आधी हातानं रंगवलेला मंगळ भिंतीवर उभा राहिला होता.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त गोडी आहे तो कॅमेरा, हायराइज. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय, त्याच्यावर हा बसवलाय. आरसा अर्ध्या मीटरचा, म्हणजे लग्नातल्या मोठ्या परातीएवढा, आणि साधारण ३०० किलोमीटर उंचीवरून त्याला जमिनीवरचा ३० सेंटिमीटरचा तुकडा एका ठिपक्यात दिसतो. हा कॅमेरा चौकोनी फोटो घेतच नाही. तो एका वेळी फोटोची एकच आडवी ओळ पुरी करतो, पण त्या ओळीत २०,००० ठिपके, म्हणजे सहा किलोमीटर रुंदीची पट्टी. यान पुढं सरकलं की पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. समोर सगळी मागवाली मंडळी, त्यांना सांगायला लागलंच नाही. मागावर एक धोटा गेला, आडवा धागा पडला, फणीनं ठोकला, कापड तेवढं पुढं सरकलं, परत धोटा. मंगळाचा फोटो असाच थानासारखा विणत जातो, रुंदी ठरलेली आणि लांबी हवी तेवढी.

पहिल्या रांगेतले एक मामा, चाळीस वर्षं माग चालवलेले, म्हणाले, "सर, ते यंत्र पळत असतंय की, मग फोटो हलत नाही काय?"

हाच खरा प्रश्न. खालची जमीन यानाच्या दृष्टीनं सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगानं मागं जाते. एक ठिपका ३० सेंटिमीटरचा, म्हणजे सेकंदाला दहा हजारांहून जास्त ओळी विणायच्या, एका ओळीला सेकंदाचा दहा हजारावा भागसुद्धा मिळत नाही. त्यात मंगळावर ऊन आपल्या निम्म्याहून कमी. एवढ्या वेळात सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर पडणारा उजेड अगदीच थोडा, फोटो काळाकुट्ट आणि खरखरीत येणार. जास्त वेळ बघावं तर जमीन पुसट होणार. मग करायचं काय?

मी मामांना बस स्टँडवर नेलं. बस सुटलीय, खिडकीत तुमची मुलगी बसलीय आणि निरोप सांगायचा राहिलाय. एका जागी उभं राहिलात तर खिडकी समोरून जाईपर्यंत एखादा शब्द सांगून होईल. पण बसच्याच वेगानं खिडकीबरोबर पळालात तर खिडकी तुमच्यासमोरच राहते आणि सगळा निरोप देऊन होतो. हायराइजच्या सेन्सरमध्ये एका ओळीच्या मागं दुसरी अशा १२८ ओळी आहेत. जमिनीच्या एका तुकड्याची प्रतिमा पहिल्या ओळीवर पडते, उजेडामुळं तिथं थोडे इलेक्ट्रॉन जमतात. प्रतिमा दुसऱ्या ओळीवर सरकते त्याच क्षणी ते जमलेले इलेक्ट्रॉनही दुसऱ्या ओळीत ढकलले जातात, तिथं त्यांच्यात नवी भर पडते, मग तिसरी ओळ, चौथी, असं करत १२८ व्या ओळीनंतर ती इलेक्ट्रॉननं भरलेली बादली मोजली जाते. यान थांबत नाही, सेन्सर हलत नाही, फक्त विजेचा भार प्रतिमेबरोबर पळतो. उजेड १२८ पट झाला, आणि उजेडातली आपोआपची खरखर मात्र १२८ च्या वर्गमुळाइतकीच वाढते, म्हणजे अकरा पट, त्यामुळं चित्र अकरा पट स्वच्छ. बसच्या वेगापेक्षा पाऊल जरा पुढंमागं झालं की सगळं फिसकटलं. म्हणून ओळ ढकलायचा वेग जमिनीच्या वेगाशी तंतोतंत जुळवतात, मंगळ स्वतः फिरतो त्यानं प्रतिमा बाजूला सरकते म्हणून यान थोडं तिरकं वळवतात, आणि नाजूक फोटोच्या वेळी सौर पंख आणि अँटेना हलवायचंसुद्धा थांबवतात. ह्याच कॅमेऱ्यानं मे २००८ मध्ये फीनिक्स यान पॅराशूटला लटकून उतरताना टिपलं. दुसऱ्या ग्रहावर, वरून, हवेत असताना! मला ते चित्र दाखवताना दरवेळी भरून येतं.

सगळेच कॅमेरे असे नाहीत. आपल्या मंगळयानावरचा कॅमेरा अहमदाबादला बनला, वजन सव्वा किलोच्या आसपास, तो मोबाइलसारखा पूर्ण चौकट एकदम घ्यायचा. यानाची कक्षा लांबुळकी, मंगळापासून ७०,००० किलोमीटरच्याही पलीकडं जायची, म्हणून अख्खा गोल मंगळ एका फोटोत मावायचा. ते आकडे उतरायचे आपल्याच कर्नाटकात, बेंगळूरजवळ ब्यालालूच्या ३२ मीटरच्या अँटेनाच्या तबकडीवर.

मग मंगळावरचा तो गाजलेला 'चेहरा' दाखवला. २५ जुलै १९७६, व्हायकिंग १ च्या ऑर्बिटरनं, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं वरून घेतलेला, टेकडीवर डोळे, नाक, तोंड. ह्यात एक ठिपका म्हणजे जवळजवळ ५० मीटर जमीन, ऊन तिरपं, सावल्या लांब. फोटोभर बारीक काळे टिपके आहेत, ते जमिनीवरचे नाहीत, वाटेत हरवलेले आकडे आहेत, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडलाय. मामा उठून पडद्याजवळ गेले, त्या टिपक्यावर बोट ठेवलं. "हितं धागा सुटलाय." मार्स ग्लोबल सर्व्हेअर ह्या यानानं २००१ मध्ये तीच टेकडी पंचवीस-तीस पट बारकाईनं बघितली, तेव्हा झिजलेली टेकडी दिसली, बाकी काही नाही.

दरवाजाचंही तेच. रोव्हरला दोन डोळे आहेत, दोन्ही फोटोंतल्या फरकावरून खडक किती लांब ते काढता येतं, आणि अंतर कळलं की ठिपके मोजून उंची. तो दरवाजा जेमतेम फूटभराचा आहे. एखादी गोष्ट केवढी आहे हे न विचारता फोटो पुढं ढकलणं मला सहन होत नाही. आणि ज्या मंगळाची माती आपल्या खानापूरकडच्या मातीसारखी लोखंडाच्या गंजानं तांबडी झालीय, ज्याच्यावर माणसानं चाकं फिरवली, तोच मंगळ पत्रिकेत कुठल्या घरात आहे म्हणून अजून पोरींची लग्नं मोडतात, हे मी मांडवात मोठ्यानं बोललो. मागं बायका बसल्या होत्या, त्यातल्या दोघीतिघींनी माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन दारात. आठ तास लागले हे तिला पटलं नव्हतं. पायरीवरच बसलो. २०० गुणिले २०० गुणिले ६, दोन लाख चाळीस हजार. भागिले ८.३३. तिनं भागाकार दोनदा केला, २८,८११ सेकंद. मग ३,६०० नं भागलं.

"आठ," ती म्हणाली, "आणि वर थोडंसं उरतंय."