काचतंतू लॅमिनेट : गोळीच्या आघाताचा प्रतिकार

काचेच्या तंतूंचे विणलेले कापड रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून, त्याचे थर एकावर एक रचून आणि दाबाखाली घट्ट करून बनवलेला तक्ता म्हणजे काचतंतू लॅमिनेट. होड्या आणि पवनचक्कीची पाती ज्या संमिश्राची बनतात, त्याचाच पुरेसा जाड तक्ता बंदुकीची गोळी किंवा स्फोटात उडालेला धातूचा तुकडा अडवू शकतो. काच ठिसूळ खरी, पण जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीच्या तंतूत मोठ्या दोषाला जागाच नसते. म्हणून नेहमीच्या ई-काचेच्या तंतूची ताणशक्ती सुमारे ३.४ गिगापास्कल भरते. अधिक बळकट एस-२ काचेचा तंतू तर तुटण्यापूर्वी ५ टक्क्यांहून अधिक लांबतो.

गोळी आदळताच तंतूंमधून ताणाची लहर बाहेरच्या दिशेने धावते. ई-काचेत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५,३०० मीटर, म्हणजे गोळीच्या कित्येक पट असतो. त्यामुळे दहा मायक्रोसेकंदांत आघातबिंदूपासून पाच सेंटीमीटरपर्यंतचा तंतू ताण घेऊ लागतो. गोळीच्या थेट खाली आलेले धागे प्रथम तुटतात. त्यांच्या आजूबाजूचे धागे मागच्या बाजूला शंकूसारखा फुगवटा धरतात आणि गोळीची गतिज ऊर्जा ताणात व हालचालीत वाटून घेतात. जाड तक्त्यात दोन टप्पे वेगळे दिसतात. पुढचे थर चिरडतात आणि कातरले जातात. मागचे थर ताणले जातात. गोळीचा वेग आधीच कमी होऊन तिचे टोकही बोथट झाले असेल, तर तिला थांबवण्याचे काम बहुधा या मागच्या थरांकडेच असते.

नुकसान किती आत पोचले हे या पदार्थात डोळ्यांना दिसते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हा त्याचा फार मोठा गुण आहे. पातळ, अर्धपारदर्शक तक्ता गोळीबारानंतर उजेडासमोर धरला की आघातबिंदूभोवती पांढुरका डाग दिसतो. तिथे थर एकमेकांपासून सुटलेले असतात. हे डिलॅमिनेशन गोळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असते. थर सुटण्यात स्वतःची अशी ऊर्जा थोडीच खर्च होते, मात्र सुटलेला थर वाकायला व ताणायला मोकळा होतो आणि मग त्याचे तंतू पूर्ण ताकदीने कामाला येतात.

म्हणूनच संरक्षक लॅमिनेटची रचना नेहमीच्या बांधकामाच्या लॅमिनेटपेक्षा उलट विचाराने करावी लागते. पूल किंवा होडीसाठी तंतू आणि रेझिन यांची पकड जितकी घट्ट तितकी चांगली. गोळीपुढे मात्र फार घट्ट पकड घातक ठरते : थर सुटत नाहीत, ताण एकाच जागी साचतो आणि गोळी बुचासारखा तुकडा कापून आरपार जाते. त्यामुळे या तक्त्यांत रेझिन मुद्दाम कमी, वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके ठेवतात. आगीचा धोका असेल तिथे सहज न पेटणारे फिनॉलिक रेझिन पसंत करतात.

तक्त्याची क्षमता व्ही-५० या मापाने सांगतात : ज्या वेगाने आदळलेली गोळी आरपार जाण्याची शक्यता निम्मी असते, तो वेग. त्यासाठी १.१ ग्रॅमचा प्रमाणित पोलादी तुकडा बऱ्याचदा वापरतात. सेकंदाला ६०० मीटर वेगाने तो सुमारे २०० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो; रायफलच्या ७.६२ मिलिमीटर गोळीत ३,००० ज्यूलहून अधिक असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डोरॉन नावाचे काचतंतू लॅमिनेट तयार झाले. कर्नल जॉर्ज डोरिओ यांच्या नावावरून ते ओळखले गेले. कोरियन युद्धात अमेरिकी मरीन सैनिकांच्या जाकिटांत त्याच्या पट्ट्या होत्या. अंगावर घालण्याच्या चिलखतात पुढे अधिक हलके अरामिड (केव्हलरसारखे) आणि पॉलिएथिलीन तंतू आले. स्वस्तपणा आणि ताठरपणा यांमुळे काचतंतूंनी वाहनांचे आतले अस्तर व भिंतींचे फलक ही जागा राखली आहे.

कठीण गाभ्याच्या चिलखतभेदी गोळीपुढे मात्र नुसते लॅमिनेट कमी पडते, कारण तिचे टोक बोथट होत नाही आणि ती तंतू बाजूला सारत, तोडत पुढे जाते. अशा वेळी समोर ॲल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या फरशा बसवतात. फरशी गाभा फोडते आणि मागचे लॅमिनेट तुकडे झेलते. एकदा थर सुटलेल्या जागी दुसरी गोळी लागली तर प्रतिकार बराच कमी असतो, म्हणून दोन आघातांमधले अंतर चाचणीत आधीच ठरवून दिलेले असते.